आजी सांभाळतेय, मग प्ले ग्रुपला घालू का?

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, नोव्हेंबरचा जन्म. मी आणि मिस्टर दोघंही आयटीमध्ये, मला आठवड्यात तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. सासू-सासरे तो सहा महिन्यांचा असताना कराडहून आले ते इथेच आहेत, दिवसभर तेच बघतात त्याला. आईंचे गुडघे दुखतात, पट्टा लावून करतात सगळं. पण खूप जीव आहे त्यांचा त्याच्यावर. आता प्रॉब्लेम असा की सोसायटीतल्या त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांची प्ले ग्रुपची ॲडमिशन झालीय, एक आपलाच राहिलाय. मी एका ठिकाणी चौकशी केली तर वर्षाचे साठ हजार सांगितले आणि म्हणाले की फेब्रुवारीत बुक केलं तर डिस्काउंट, नंतर सीट मिळेलच असं नाही. तिथली मुलं इंग्लिशमध्ये कलर्स, शेप्स सगळं म्हणतात हो. आमचा परवा पाण्याचा ग्लास पालथा झाल्यावर काय म्हणाला माहितीये? "आत्ता गं बया!" सगळे हसलो, पण रात्री मला टेन्शन आलं की हा मागे तर पडणार नाही ना. मिस्टर म्हणतात घालून टाकू. आईंना विचारलं तर म्हणाल्या, मला काही त्रास नाही, तुम्हाला पाहिजे ते करा, आणि दिवसभर गप्पच होत्या. दुपारी जेवताना त्या त्याला मोबाईल लावून देतात, त्यावरून आमचं थोडं वाजलं पण होतं. शाळेत घातलं तर तो पण प्रश्न सुटेल असं वाटतं. काय करू?

उत्तर : अगं, "आत्ता गं बया" वाचून मी एकटीच हसत बसले. सव्वादोन वर्षांच्या पोराला नेमकं कुठल्या वेळी काय उद्गार काढायचा हे कळतंय आणि तू म्हणतेस मागे पडेल! पाणी सांडलं, गडबड झाली, आता आजी हेच म्हणणार, हे सगळं त्याने डोक्यात जुळवलंय. रेड, ब्ल्यू, ट्रँगल काय, ते चार आठवड्यांत पाठ होतं आणि सुट्टीत तितक्याच वेगाने विसरतात पण. २०२०चं नवीन शैक्षणिक धोरण सुद्धा हेच सांगतं की जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत तरी मुलाच्या घरच्या भाषेतच शिकवा. घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्यावर चढते. तेव्हा इंग्लिशचं टेन्शन आधी काढून टाक.

आता हिशोब बघू, कारण तो कोणी नीट सांगत नाही. आपल्या राज्यात नर्सरीला त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात आणि पहिलीला सहा. तुझा नोव्हेंबरचा, म्हणजे यंदाच्या जूनमध्ये नियमात बसतो, पण वर्गात पाऊल टाकेल तेव्हा असेल दोन वर्षं सात महिन्यांचा, बहुतेक सगळ्यात लहान. पुढच्या जूनला घातलास तर तीन वर्षं सात महिने. तसाच नर्सरी, ज्युनियर, सीनियर करत गेला की पहिलीत एक तर साडेपाच वर्षांच्या थोडा पुढे असेल, नाहीतर साडेसहाच्या. दोन्ही चालतं. आणि मी जेवढी वर्षं बालवाडीत काढली त्यात नोव्हेंबर-डिसेंबरवाली पोरं घाईने घातली की पहिलीत पेन्सिल धरताना रडकुंडीला आलेली बघितलीत, एक वर्ष थांबून आलेलं पोर मात्र त्यापायी रडल्याचं मला आठवत नाही. नर्सरीच्याही आधीचा प्ले ग्रुप म्हणशील, तर तो निव्वळ जास्तीचा. सीट जाईल ही भीती दाखवणं हा त्यांचा धंदा आहे, त्यात त्यांची चूक नाही, पण तू बळी पडू नकोस.

म्हणजे घालूच नकोस म्हणतेय का? नाही. तुझ्या पत्रात शाळेबद्दल, फीबद्दल, इंग्लिशबद्दल एवढं सगळं आहे आणि सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल एक ओळ, ती पण लगेच "पण खूप जीव आहे" म्हणून झाकून टाकलेली. मला खरा प्रश्न तिथे दिसतोय. दोन वर्षांचं पोर म्हणजे दिवसात पन्नास वेळा उचल, ठेव, वाक, सोफ्याखालचा बॉल काढ. पट्टा लावून हे करणारी बाई दुपारी जेवताना मोबाईल लावून देते, तेव्हा ती लाड करत नसते, ती दमलेली असते. तिला वीस मिनिटं एका जागी बसायचं असतं एवढंच. त्यावरून वाजवायचं कशाला? मोबाईल वाईटच, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तर उत्तमच. पण तो बंद करायचा तर दुपारचे दोन तास कोणीतरी हाताखाली लागेल, शाळाच लागते असं नाही. साठ हजार वर्षाला म्हणजे महिन्याला पाच हजार झाले की, तेवढ्यात एखादी मावशी दुपारपुरती मिळते का बघ. ती भरवेल, मागे पळेल, आणि आजीने नुसतं बसून गोष्ट सांगायची.

कारण आजी-आजोबांकडे जे मिळतं ते बसून पण मिळतं गं. मटार सोलताना पोराला समोर बसव, शेंग दाबली की फट करून फुटते, दाणे मोजत मोजत वाटीत टाकायचे, चार वाटीत एक तोंडात. बोटांना ताकद येते, मोजणं येतं, वाट बघणं येतं. हेच शाळेत प्लास्टिकच्या मण्यांवर करून घेतात आणि त्याला मोठं नाव देतात. आजोबांबरोबर मंडईत गेलं की कोथिंबिरीची जुडी स्वतः धरून आणायची, भाजीवाल्याला "कसे दिले" विचारायचं. एकच गोष्ट घरात मिळत नाही ती म्हणजे आपल्याएवढ्याच दुसऱ्या पोराने हातातली गाडी हिसकावणं. त्याला संध्याकाळी सोसायटीची बाग आहे, रोज तासभर, तिथे तू किंवा तुझे मिस्टर जा, आजोबांना परत जुंपू नका.

आणि हे घर की शाळा असं भांडण आपल्याकडे मुळात नव्हतंच. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. तिकडच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, गुरांमागे जायचं. मग या दोघींनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, त्यांच्याच अंगणात. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आलाय. पुढे १९७५ला केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बाल विकास योजना काढली, ती हळूहळू देशभर पसरली तसं हेच नाव सगळीकडे गेलं. शाळा मुलाच्या घराजवळ सरकली पाहिजे, एवढं तरी त्यातून घ्यावं. म्हणून पुढच्या जूनला घालशील तेव्हा घरापासून चालत जाता येईल अशी बघ, बसबिस नको, अडीच-तीन तासांची. सोडायला आजोबा जातील आणि त्यांना ते आवडेल, माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर एक आजोबा आठवडाभर उभे असायचे, नातू कधीच रुळला होता, तेच रुळत नव्हते.

आता आईंशी बोलायचं. सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर विचारलंस ना? मग त्या "मला काही त्रास नाही" हेच म्हणणार, त्यांच्या पिढीत दुसरं उत्तर नसतं. दोघीच लसूण सोलत असताना विचार, आणि शाळेचं नावही काढू नकोस. विचार की आई, कराडला जाऊन किती दिवस झाले? बहीण, मैत्रिणी, तिथलं घर, कोणाची आठवण येते का? सहा महिन्यांचं बाळ होतं तेव्हा आलेली बाई आहे, दीड वर्षाच्या वर झालं की आता. बोलल्या तर मे महिन्यात पंधरा दिवस त्यांना पाठव, तेवढी रजा तुम्ही दोघं वाटून घ्या. आणि त्यांनी स्वतःहून म्हटलं की आता नाही होत माझ्याच्याने, तर मात्र यंदाच जूनला घाल, त्यात काही बिघडत नाही, दोन वर्षं सात महिन्यांची पण रुळतात. पहिले आठ-दहा दिवस रडेल, पावसाळाभर सर्दी घरी आणेल, ते धरूनच चाल.

फक्त पैसे भरायच्या आधी कामाच्या दिवशी अकरा वाजता न कळवता जाऊन ये. भिंतीवरची कार्टून बघू नकोस. मुलांकडून पाटीवर गिरवून घेतायत का बघ, एका बाईंकडे किती पोरं आहेत मोज, आणि संडास लहान मुलांच्या मापाची आहे की टीचरना धरून बसवावं लागतं, ते आत जाऊन बघ.