गॉलच्या किल्ल्यात पहिला दिवस कसा घालवावा?

तुम्ही विचारले आहे की, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जानेवारीत एकट्याने श्रीलंकेला जाताना गॉलच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरासाठी दोन दिवस हाताशी आहेत, तर पहिल्या दिवशी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने. मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असताना जानेवारीतच तिथे एकटी गेले होते. त्या दिवसाचा क्रम मी चुकवला, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे. क्रम असा ठेवा : सकाळी जमिनीकडचा तट, दुपारी आतल्या गल्ल्या आणि उन्हे उतरल्यावर समुद्राकडचा तट.

कोलंबोच्या फोर्ट स्थानकातून सकाळची गाडी घ्या आणि उजव्या बाजूची खिडकी धरा, कारण दक्षिणेकडे जाताना समुद्र सगळा वेळ त्याच बाजूला असतो आणि काही ठिकाणी रुळांपासून इतका जवळ येतो की, भरतीच्या वेळी तुषार अंगावर येतील असे वाटते. गाडीत टोपल्या घेऊन वडेवाले चढतात आणि ‘वडे, वडे’ असेच ओरडतात, त्यामुळे मराठी माणसाला क्षणभर कर्जत आल्याचा भास होतो. ‘इस्सो वडे’ मागा. इस्सो म्हणजे कोळंबी. डाळीच्या चपट्या वड्यावर अख्खी कोळंबी दाबून तळलेली असते. मला तो वडा ज्या कागदात मिळाला, ते कुणा शाळकरी मुलाच्या वहीचे पान होते. त्यावर भागाकाराची तीन गणिते होती आणि तिसऱ्यावर लाल शाईची फुली होती.

हिक्कडुवा येण्यापूर्वी पेरालिया हे गाव लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटेने याच ठिकाणी प्रवाशांनी भरलेली आगगाडी रुळांवरून उचलून फेकली आणि त्यात हजाराहून अधिक माणसे गेली. माझ्या शेजारच्या बाईंनी त्या ठिकाणी बोलणे थांबवले आणि गाव मागे पडल्यावर पुन्हा सुरू केले.

स्थानकाच्या पाटीवर सिंहलीत ‘गाल्ल’ आणि तमिळमध्ये ‘कालि’ असे लिहिलेले असते. ‘गॉल’ हा उच्चार इंग्रजीतून आलेला आहे. बाहेर पडल्यावर किल्ला चालत दहा मिनिटांच्या आत येतो, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते. एका रिक्षावाल्याने (तिथे रिक्षेला टुकटुक किंवा थ्रीव्हीलर म्हणतात) आज उत्सवामुळे किल्ल्याचा दरवाजा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर रत्नांचे प्रदर्शन दाखवतो, असे सांगितले आणि मी रिक्षात बसले. प्रदर्शन म्हणजे एक दुकान निघाले. तिथून काही न घेता बाहेर पडायला मला तासभर लागला, आणि किल्ल्यापाशी पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. दरवाजा अर्थातच उघडा होता. किंबहुना त्याला बंद करण्याजोगे काही उरलेलेच नाही, कारण तिथून दिवसभर बस आणि मोटारी ये-जा करत असतात.

आता किल्ल्याविषयी. मी मालवणची आहे. समुद्रकिल्ला म्हटले की, माझ्या डोळ्यांसमोर चहूबाजूंनी पाणी, खडकाच्या कडेकडेने वळणे घेत जाणारा तट आणि दोन बुरुजांच्या बगलेत दडवलेला, होडीतून उतरून शोधावा लागणारा दरवाजा असे चित्र येते. गॉलला पोहोचल्यावर हे चित्र पहिल्या पाच मिनिटांत निकामी ठरले. हा किल्ला बेटावर नसून समुद्रात घुसलेल्या भूशिरावर आहे, आणि त्याचे सगळे बळ समुद्राकडे नव्हे तर जमिनीकडे वळलेले आहे. भूशिराच्या मानेवर तीन प्रचंड बुरुज आहेत. पश्चिमेच्या समुद्राला लागून तारा, मधोमध चंद्र आणि बंदराच्या बाजूला सूर्य अशी त्यांची नावे. १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी इथे तट घातला, तोही जमिनीच्याच बाजूने. १६४० मध्ये कँडीच्या राजाशी हातमिळवणी करून डचांनी तो जिंकला आणि पुढे भूशिराला पूर्ण वेढा पडेल असा चौदा बुरुजांचा कोट बांधला. भिंती सरळ रेषेत धावतात आणि बुरुज टोकदार कोनांत पुढे येतात, म्हणजे एका बुरुजावरच्या तोफेला शेजारच्या बुरुजाचा पायथा झाडता येतो. सिंधुदुर्गचा तट खडकाचे ऐकतो, तर गॉलचा तट भूमितीचे ऐकतो. (आपल्याकडे सनदांमध्ये ‘यावच्चंद्रदिवाकरौ’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, असे लिहिण्याची रीत होती. डचांनी चंद्र आणि सूर्य थेट तटावर बसवले, तरी १७९६ मध्ये किल्ला न लढता इंग्रजांच्या हाती गेला.)

म्हणूनच सकाळ या तीन बुरुजांना द्या. चंद्र बुरुजाजवळ १८८३ सालचा घड्याळाचा मनोरा आहे. तिथे उभे राहून बाहेर पाहिले की, पायाशी क्रिकेटचे मैदान दिसते. २२ जुलै २०१० रोजी मुरलीधरनने आपल्या शेवटच्या कसोटीत प्रज्ञान ओझाला बाद करून आठशेवा बळी घेतला, तो याच मैदानावर. सचिनही त्या सामन्यात होता आणि आपण दहा गड्यांनी हरलो होतो, हे तटावर भेटणारा प्रत्येक शाळकरी मुलगा तुम्हांला न विचारता सांगेल. कसोटी चालू असते तेव्हा लोक तटावर बसून फुकट सामना पाहतात. २००४ च्या लाटेने हे मैदान आणि त्याच्या पलीकडचे बसस्थानक झोडपून काढले, पण तटाच्या आतले शहर मोठ्या प्रमाणात वाचले.

मी मात्र साडेअकराला तारा बुरुजावर चढले आणि भर उन्हात पश्चिमेच्या तटावरून दक्षिणेकडे चालू लागले. त्या तटावर सावलीला झाड जवळपास नाही. नेपच्यून बुरुजाच्या पुढे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. थोड्या अंतरावर थंबिली, म्हणजे केशरी सालीची शहाळी विकणारी पस्तिशीची एक बाई होती. ती हातातला कोयता तसाच घेऊन ‘नंगी, नंगी’ अशा हाका मारत माझ्याकडे आली, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना मराठी वाचकांना करता येईल. सिंहलीत नंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला नंतर कळले. थोरल्या बहिणीला मात्र तिथेही अक्काच म्हणतात, म्हणून पुढचा अर्धा तास मी तिला अक्का म्हणत राहिले. तिने दोन शहाळी पाजली आणि सालीचाच एक तुकडा तासून मलई खरवडायला दिला. माझी आजीही नारळाच्या बाबतीत हेच करते.

दुपार गल्ल्यांत काढावी हे मला अक्कानेच हाताने दाखवून सांगितले, आणि माझ्या मते गॉलचा खरा ऐवज तिथेच आहे. रस्ते अरुंद, सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. घरे बहुतेक बैठी किंवा एकमजली, उतरत्या छपरांवर नळ्याची कौले आणि रस्त्याला लागून खांबांवर तोललेली लांब पडवी. ती पडवी पाहून मी कोकणातल्या ओटीवर आल्यासारखी थबकले. मात्र आमची ओटी अंगणाकडे पाहते आणि ही थेट रस्त्याकडे. दुपारी दोन वाजताही माणूस पडवीपडवीने बराचसा सावलीतून जाऊ शकतो, ही रचना नुसती शोभेची नाही. रस्त्यांच्या नावांतही जुने धंदे राहून गेले आहेत. ‘लेन बान’ म्हणजे डच भाषेत दोरखंड वळण्याची लांब जागा. गलबतांना लागणारे दोर तिथे वळले जात असत. तिथे आज दागिन्यांची दुकाने आणि कॉफीची घरे आहेत, आणि खरे सांगायचे तर ती जरा जास्तच झाली आहेत.

तरीही हे शहर नुसते पर्यटकांचे झालेले नाही. वडाच्या जुन्या झाडांखालच्या चौकात न्यायालये आहेत. काळे कोट घातलेले वकील अशिलांशी कुजबुजत उभे असतात. मूर म्हणवल्या जाणाऱ्या इथल्या मुसलमानांची जुनी घराणी अजून इथे नांदतात, आणि दीपगृहासमोरची मीरान मशीद बाहेरून इतकी चर्चसारखी दिसते की, मी ती दोनदा ओलांडून गेले. थोड्याच अंतरावर सुधर्मालय हा बौद्ध विहार आहे. डचांचे मोठे चर्च, ग्रोटे कर्क, १७५५ चे आहे. आत शिरताना पायांखाली पाहा, कारण जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. एका शिळेवर कवटी आणि तिच्याखाली आडवी हाडे कोरलेली आहेत. लोकांच्या नावांवर पाय द्यायचा नाही म्हणून मी वाकडीतिकडी चालत होते, तर तिथल्या झाडूवाल्या आजोबांनी हसून सरळ चालण्याची खूण केली.

विद्यार्थी म्हणून मला सर्वांत आवडलेली गोष्ट दिसतच नाही, ती रस्त्यांखाली आहे. डचांनी सांडपाण्यासाठी विटांची भुयारी गटारे बांधली आणि ती समुद्राच्या पाण्याने धुऊन निघतील अशी सोय केली. ट्रायटन बुरुजावर त्यासाठी पवनचक्कीवर चालणारा पंप होता. पवनचक्की गेली, बुरुज आहे.

साडेतीन-चारच्या सुमारास उत्तर-पूर्वेच्या जुन्या दरवाजाकडे जा. आजचा मुख्य दरवाजा इंग्रजांनी १८७३ मध्ये तट फोडून केलेला आहे. त्याआधीची वाट बंदराकडून, एका लांबलचक वखारीच्या पोटातून येत असे. या जुन्या दरवाजावर बाहेरून इंग्रज राजचिन्ह आहे. आत येऊन मागे वळून पाहिले की, डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह दिसते : दोन सिंह, मधोमध कंपनीची आद्याक्षरे, वर कोंबडा आणि रोमन आकड्यांत १६६९ हे वर्ष. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. १६६४ मध्ये मालवणला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, ते याच काळात, आणि हीच कंपनी तेव्हा आमच्या शेजारी वेंगुर्ल्यात वखार थाटून बसली होती. वेंगुर्ल्याच्या त्या वखारीचे पडके अवशेष मी शाळेच्या सहलीत पाहिले होते आणि बाईंनी सांगितलेले काहीही लक्षात ठेवले नव्हते. इथली वखार धडधाकट उभी आहे. तिच्यात आता सागरी पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. दालचिनीसारखा माल अशा वखारींतूनच युरोपाकडे जात असे.

एवढे टुमदार शहर मोडतोड न होता शिल्लक का राहिले, असे तुम्हांला वाटेल. याला एक कारण त्याचे दुर्दैव आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून येणाऱ्या आगबोटी गॉललाच थांबत. बंदराच्या तोंडाशी खडक आणि मोसमी वाऱ्यांचा मारा असल्यामुळे इंग्रजांनी १८७५ पासून कोलंबोला लाटा अडवणारा बांध घालायला घेतला. तो पुरा झाल्यावर बोटी तिकडे गेल्या. पैसा नाही म्हणून नवी बांधकामे नाहीत, आणि नवी बांधकामे नाहीत म्हणून जुने जिथल्या तिथे. १९८८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

पाचच्या सुमारास दीपगृहापाशी या. हे १९३९ चे असून सुमारे २६ मीटर उंच आहे. तिथून समुद्राकडचा तट धरून ध्वजखडक (फ्लॅग रॉक), ट्रायटन, नेपच्यून या बुरुजांवरून, म्हणजे मी चालले त्याच्या उलट्या दिशेने चाला, म्हणजे सूर्य समोर राहील. ध्वजखडकावरून तरुण मुले खालच्या खडकांमधल्या पाण्यात उड्या मारतात आणि त्याचे पैसे घेतात. मी दिले नाहीत, कारण मला ते पाहवत नव्हते. या वेळी तट गावाचा होतो. नोकरीवरून आलेली माणसे, पतंगवाली पोरे आणि समुद्राकडे तोंड करून उघड्या छत्रीआड बसलेली जोडपी. पाऊस नाही, ऊनही उतरलेले, तरी छत्र्या उघड्याच. पुण्यातल्या टेकड्यांवरच्या जोडप्यांना ही युक्ती अजून सुचलेली नाही. तटाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे अंधार पडण्याआधी खाली उतरा.

मुक्काम किल्ल्याच्या आत, एखाद्या घरगुती खोलीत करा. स्थानकाजवळ थोडे स्वस्त पडते, पण पहाटेचा मोकळा रस्ता हुकतो. पौर्णिमेचा दिवस टाळा, कारण श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, कचेऱ्या बंद राहतात, आणि न्यायालयाच्या चौकातली वर्दळ तुम्हांला दिसणार नाही.

राहता राहिला एक दगड. १४०९ मध्ये चिनी दर्यासारंग झंग ह याने चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत कोरवलेला लेख १९११ मध्ये गॉललाच सापडला, पण तो कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. मी तो परतताना पाहिला. तुम्ही जाण्यापूर्वी पाहा, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या शंभर वर्षे आधी या बंदरात कोणकोणत्या भाषा वाचल्या जात होत्या, हे माहीत असताना तुम्ही गाडीत बसाल.