वाचकांचे प्रश्न : ठिकाणावरून व्हिडिओचा शोध

प्रश्न : ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीला कृष्णेच्या महापुराचा वेढा पडला, तेव्हा लोकांनी मोबाइलवर काढलेले असंख्य व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. त्यांवरून कोणत्या भागात पाणी कधी शिरले याची नोंद करावी, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. केवळ ठिकाणावरून व्हिडिओ शोधता येतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शोधता येतात, मात्र ही सोय यूट्यूबच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांसाठी ठेवलेल्या दारात आहे. तेथे अक्षांश-रेखांश आणि त्रिज्या दिली की त्या वर्तुळातील स्थाननोंद असलेले व्हिडिओ मिळतात. त्रिज्या १,००० किलोमीटरपर्यंत चालते; आपल्याला १६.८६ उत्तर, ७४.५७ पूर्व या बिंदूभोवती पाच किलोमीटर पुरावेत. प्रसिद्धीच्या तारखांची मर्यादाही घालता येते. या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे आपल्याकडे पहाटे तीन वाजता टाकलेला व्हिडिओ आदल्या दिवसाच्या तारखेत सापडतो. दिवसवार नोंद करताना हे साडेपाच तास विसरू नयेत.

अडचण अशी, की बहुतेक लोक स्थाननोंद करतच नाहीत, आणि जे करतात त्यांची नोंद कॅमेरा कोठे उभा होता हे सांगेलच असे नाही. ती टाकणाऱ्याने निवडलेली असते. म्हणून पूल, घाट, चौक, पेठ यांची स्थानिक नावे देवनागरीत आणि रोमन लिपीतील निरनिराळ्या स्पेलिंगांनी शोधावीत. येथे आपली सांगलीची ओळख कोणत्याही साधनापेक्षा उपयोगी पडेल.

ठिकाणाची खात्री दृश्यातूनच करावी लागते. जुलै २०१८मध्ये कॅमेरूनमधील सैनिक दोन स्त्रियांना आणि दोन लहान मुलांना ठार मारत असल्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हा सरकारने तो आपल्या देशातला असल्याचे आधी नाकारले. बीबीसी आफ्रिका आयच्या शोधपथकाने व्हिडिओच्या पार्श्वभूमीवरील डोंगराची कड देशाच्या उत्तरेकडील झेलेवेत गावाजवळच्या भूरचनेशी जुळवली. कोणती घरे कोणत्या उपग्रहचित्रात उभी आहेत आणि कोणत्यात नाहीत हे पाहिले. आणि चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढून घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दरम्यानची असल्याचे दाखवले. ज्यांच्या बाजूने बोलायला कोणीही उरले नव्हते, त्यांची साक्ष अखेर एका डोंगराने दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सांगलीत डोंगराची जागा आयर्विन पुलाच्या कमानी, गणपती मंदिराचे शिखर, दुकानांच्या पाट्या घेतील. अशा किमान दोन-तीन खुणा एकमेकींच्या सापेक्ष योग्य जागी दिसल्याशिवाय ठिकाण निश्चित मानू नये. तारखेबाबत तर अधिक सावध राहावे, कारण प्रसिद्धीच्या तारखेवरून घटना त्यानंतरची नाही एवढेच कळते. २०१९चे दृश्य जुलै २०२१च्या पुरात पुन्हा टाकलेले असू शकते. त्यासाठी प्रत्येक दृश्याची सर्वांत जुनी प्रत शोधावी, आणि शक्य असेल तेथे चित्रीकरण करणाऱ्याकडून मूळ फाइल मागावी, कारण समाजमाध्यमांवरून फिरलेल्या प्रतींतून चित्रीकरणाची वेळ आणि स्थान बहुधा पुसले गेलेले असते. मागताना हेतू सांगावा, आणि नोंदवहीत पाण्याची पातळी लिहावी, घरमालकाचे नाव लिहू नये.