‘तू फक्त ये’

नमस्कार ताई,
वय ५४, राहणार बदलापूर. आमचा रेलफॅन लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ३८० जणांचा. इंजिनांचे नंबर, कुठलं इंजिन कुठल्या शेडचं, कुठली गाडी किती लेट, दिवसभर हेच चालतं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सगळे कर्जतला जमतो, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर म्हणजे जादा इंजिनं लागतात ते बघायला. १२ वर्षं सगळं मी एकट्याने केलं. वडे, हॉल, नावं घालून लॅमिनेट केलेले बिल्ले, दुपारी माझ्या जुन्या फोटोंचा स्लाइड शो. एके वर्षी ७० जण होते, यंदा १९. बाकीचे बिल्ले कपाटात पडून आहेत. आजकालच्या पोरांना वंदे भारतचं रील मिळालं की झालं. गेल्या वर्षी अंबरनाथचा एक मुलगा ‘काका, गाड्यांचं वेळापत्रक मी करू का’ म्हणत होता. म्हटलं, तू फक्त ये, बाकी मी बघतो. यंदा तोही फिरकला नाही. या ग्रुपचा बँकर मीच, आणि आता दमलोय. मेळावा बंद करू का?
– ढकलून दमलेला

दमलेले भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, बिचारा माणूस. दुसऱ्यांदा वाचताना अंबरनाथचा मुलगा दिसला आणि ‘बिचारा’ हा शब्द मी तुमच्याकडून काढून त्याला दिला.

अहो, त्याने वडा नव्हता मागितला, काम मागितलं होतं. तेही सोपं नाही. रविवारी सकाळी कुठली गाडी कर्जतला किती वाजता, कुठल्या फलाटावर, लेट धरून किती, मध्येच मालगाडी सोडली तर पुढचीचं काय, हे जुळवायला रात्र जाते. पोरगं ती रात्र द्यायला तयार होतं. तुम्ही त्याला पाहुणा करून टाकलंत. पाहुणा एकदा येतो, जेवतो, छान झालं म्हणतो. पुढच्या वेळी नेमकं त्याच्याकडे काहीतरी निघतं.

ही खोड मला ओळखू येते, कारण ती माझीच. आमच्या सोसायटीच्या कोजागिरीचं दूध नऊ वर्षं मीच आटवलं. पातेल्याला कुणाचा हात लागू दिला नाही. दहाव्या वर्षी माझा पाय मुरगळला आणि वरच्या मजल्यावरच्या सुनेने आटवलं. खाली लागलं. करपट वास आला. त्या वर्षी माणसं गच्चीवर एक वाजेपर्यंत बसली, कारण दूध कसं आटवायला हवं होतं यावर प्रत्येकालाच बोलायचं होतं. मी लंगडत वर गेले तर मला बसायला जागा नव्हती.

स्वतःला बँकर म्हणता, तर त्याच भाषेत बोलू. माझं माहेर लोणावळ्याचं, तेवढं मलाही कळतं. भोर घाटात १:३७ चा चढ, म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे सरकते तेव्हा मीटरभर वर जाते. म्हणून कर्जतला मागे बँकर जोडतात. पण लोणावळ्याला ते सुटतात. आम्ही पोरं मुद्दाम बघायला जायचो: गाडी पुण्याकडे निघून जायची आणि बँकर मागे धापा टाकत उभे. तुम्ही लोणावळ्याला सुटायचंच विसरलात. १२ वर्षं ढकलताय, एव्हाना दौंड मागे पडलं असेल.

आणि वंदे भारतला उगाच नावं ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि हाच घाट बँकर न घेता चढायला लागली. तुमच्या मेळाव्याच्या मुळावरच आलेली गाडी, खुपणारच. पण ती चढते कशी, यावर त्या मुलाला दहा मिनिटं बोलू दिलंत कधी? निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात तिच्या. जोर लावायचं काम गाडीभर वाटलेलं असतं. ते ऐकायला आणखी दहा पोरं आली असती. त्याऐवजी तुम्ही त्यांना जुन्या डीसी विजेच्या काळातल्या डब्ल्यूसीजी-२ इंजिनांचे फोटो दाखवलेत, बाराव्यांदा. फोटो सुंदर असतील, शंका नाही.

तर मेळावा बंद करायचा नाही, आणि तुम्ही करायचाही नाही. आज संध्याकाळी त्या मुलाला फोन करा. मेसेज नको, ग्रुपवर घोषणा तर मुळीच नको. म्हणा, ‘गेल्या वर्षी तू काम मागितलंस, मी दिलं नाही, चुकलो. पुढचा मेळावा तू कर.’ एवढंच. ‘मी आहेच पाठीशी’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. पाठीशी असणं हाच तुमचा आजार आहे. मग वही, हॉलवाल्याचा नंबर, वडेवाल्याचा नंबर, सगळं अंबरनाथला नेऊन त्याच्या हातात द्या आणि चहा घेऊन परत या.

तो स्लाइड शो उडवेल. वडे कमी सांगेल. कर्जतऐवजी भर पावसात पळसदरीला बोलावेल. छत्री घेऊन गुमान जा. त्याचं वेळापत्रक चुकेल आणि एखादी गाडी कॅमेरे निघायच्या आत डोळ्यांदेखत निघून जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळेला परत तिथे असते, हे मी तुम्हाला काय सांगायचं?

हो म्हणायला तो दोन-चार दिवस घेईल. रागावलेला असणार. तेवढ्यात पुन्हा फोन लावू नका.

आणि यंदा त्याच्या नावाचा बिल्ला तुम्ही केला असणारच. वही द्यायला जाल तेव्हा कपाटातून तेवढा शोधून खिशात घ्या.