लिग्नाइटच्या डांबरापासून इंधन: पहिल्या प्रयोगाआधी

लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा. त्याच्या डांबरावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून इंधनाचं तेल मिळवतात. पण हायड्रोजनकडे वळण्याआधी डांबर नीट ओळखा. त्यात फिनॉल, गंधक, नायट्रोजनची संयुगं, पाणी आणि कोळशाची बारीक धूळ असते. निम्मं काम ते साफ करण्यातच आहे.

– पाणी आधी काढा. ते राहिलं तर वाफेचा दाब वाढतो आणि हायड्रोजन किती खपला याचा हिशेबच लागत नाही.
– डांबर गरम, पातळ असतानाच गाळा. धुळीने उत्प्रेरकाचा थर तुंबतो.
– उत्प्रेरक मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनच्या सल्फाइडचा घ्या. नुसतं निकेल गंधकाने निकामी होतं. जर्मनीत लॉइनाला १९२७ पासून हे काम कारखान्यात चाललं, ते गंधकाला दाद न देणाऱ्या उत्प्रेरकांच्या जोरावर.
– ऑटोक्लेव्ह, म्हणजे उच्च दाब सोसणारं बंद भांडं, अर्ध्याहून कमी भरा, गळती आधी नायट्रोजनवर तपासा. हे घरी करायचं काम नाही, उच्च दाबाची प्रयोगशाळाच हवी.

नवखे हमखास चुकतात ते तापमानात. दाब कमी आणि आच जास्त झाली की रेणू तुटतात, पण तुटलेल्या टोकांना हायड्रोजन मिळत नाही. ती एकमेकांना चिकटतात. भांडं उघडल्यावर तळाशी काळी, कडक खपली दिसली तर हेच झालंय. जर्मनीतल्याच त्साइट्सच्या कारखान्यात सुमारे ३०० बार दाब ठेवत, तो याचसाठी. तापमान टप्प्याटप्प्याने चढवा, दर टप्प्याला दाब टिपा. पेट्रोलचा विचार नंतर. आधी डिझेलइतक्या तापमानाला उकळणारं स्वच्छ तेल मिळवा.