रीळ, रील आणि ‘पाठ’

प्रश्न असा आहे : आयरिश लोकसंगीतावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘एका पारंपरिक रीलची रेकॉर्डिंग्ज, ट्रान्स्क्रिप्शन्स आणि सेटिंग्ज’ असा तुकडा आला. भाषांतरात त्याचं ‘रिळाची ध्वनिमुद्रणे, लिप्यंतरे आणि मांडण्या’ असं झालं. हे चालेल का? आणि हा रील म्हणजे टेपचं रीळ का?

ध्वनिमुद्रणे चालेल. बाकी काहीच नाही.

आधी रीळ. दोऱ्याचं रीळ, सिनेमाचं रीळ, टेपचं रीळ हे सगळं आपण ‘ळ’ लावून पक्कं मराठी करून टाकलं आहे. आयरिश रील मात्र नाचाचा आणि त्या नाचासाठी वाजवायच्या धुनेचा प्रकार आहे. लय जलद, एका बारात (पाश्चात्त्य संगीतातल्या मात्रांच्या एका ठरावीक गटात) आठ झटपट स्वर, आणि बहुधा आठ-आठ बारांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. मूळ स्कॉटलंडचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडने ते असं आपलंसं केलं की आज वादकांच्या बैठकीत सर्वांत जास्त वाजतात त्या रीलच. आयरिश भाषेनेही शब्द इंग्रजीतूनच उचलला आणि ‘रील’ असाच ठेवला. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या चेटूक-खटल्यांविषयी १५९१ मध्ये छापलेल्या पत्रकात हा शब्द नाचासाठी आला आहे : आरोपी बायका ‘रील’ नाचल्या आणि त्यांच्यातल्याच गेलिस डंकन हिने मोरचंग वाजवलं, असं त्यात म्हटलं आहे. दोन्ही अर्थांचं कूळ मात्र बहुधा एकच. सूत गुंडाळायचं साधन, त्यावरून गरगर फिरणं, त्यावरून नाच, अशी वाट कोशकार सांगतात. इन्स्टाग्रामवाली रील सिनेमाच्या रिळातून आली, म्हणजे तीही दूरची चुलत बहीणच. तरी लिहिताना फरक ठेवावा : वस्तू असेल तिथे रीळ, धून असेल तिथे रील. नाहीतर ‘रिळावर सापडलेली रील’ असं खरोखर लिहायची वेळ येते तेव्हा पंचाईत होते. टेप रेकॉर्डर आल्यानंतरच्या संग्रहांबाबत ती वेळ हमखास येते.

आता लिप्यंतर. लिप्यंतर म्हणजे एका लिपीतलं दुसऱ्या लिपीत नेणं. इथे मुळात लिहिलेलं काही नाही, कानाने ऐकून ते कागदावर उतरवायचं आहे. त्याला मराठीत ‘स्वरलेखन’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. स्वरलिपी ही पद्धत, स्वरलेखन ही कृती. भातखंड्यांची स्वरलिपी असते, पण त्यांनी एखाद्या चिजेचं केलेलं ते स्वरलेखन. आयरिश वादक पाश्चात्त्य रेघांची स्वरलिपी वापरतात किंवा साध्या रोमन अक्षरांची ‘एबीसी’ पद्धत. ही दुसरी १९९० च्या दशकात क्रिस वॉल्शॉ यांनी रूढ केली.

पण एकच शब्द वापरला तरी त्याखाली दोन वेगळी कामं आहेत, आणि रीलचा माग काढणाऱ्याला ती वेगळी दिसायला हवीत. कॉर्क परगण्यात जन्मलेले फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. ते आयरिश धुना गोळा करत; त्यांच्या १९०३ च्या संग्रहात १८५० धुना आहेत, १९०७ च्या नृत्यसंगीताच्या संग्रहात १००१. गंमत अशी की फ्रान्सिस यांना स्वर लिहिता येत नसत. ते वाजवत, आणि त्यांच्याच खात्यातले, त्याच आडनावाचे पण नात्याने कोणी नसलेले सार्जंट जेम्स ओनील लिहून घेत. या स्वरलेखनात धुनेचा सांगाडा असतो, बोटांच्या बहुतेक हरकती गाळलेल्या असतात. उलट तबकडी पुन्हापुन्हा ऐकून केलेल्या स्वरलेखनात एका वादकाने एका दिवशी काय वाजवलं ते हरकतींसकट येतं. म्हणून मी दुसऱ्याला ‘ध्वनिमुद्रणावरून केलेलं स्वरलेखन’ असं लांबलचक का होईना, पण स्पष्ट म्हणेन.

खरा पेच ‘सेटिंग’चा. मांडणी म्हटलं की कोणी तरी मुद्दाम रचून दिलेलं वाटतं. वादकाला म्हणायचं असतं एवढंच की ही धून अमक्याकडे अशी वाजते. ‘मिस मॅक्लाउड्स’ ही रील घ्या. स्कॉटिश फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) आणि प्रकाशक नॅथॅनिएल गाऊ यांनी १८०९ मध्ये एडिंबरात ती छापली तेव्हा नाव होतं ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे’. आयर्लंडला येईपर्यंत सौभाग्यवतींची कुमारी झाली. अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या फिडलवादकांकडे तीच ‘हॉप लाइट, लेडीज’ म्हणून भेटते. नाव बदललं, काही वळणं बदलली, आणि तरी ऐकणारा ओळखतो. मग मूळ गाऊ यांचं म्हणावं? त्यांनी स्वतःच ती मूळची स्काय बेटावरची रील म्हणून दिली आहे.

म्हणून मला ‘पाठभेद’ही नको वाटतो, जरी तो पटकन सुचतो. पाठभेद म्हटलं की कुठे तरी एक शुद्ध पाठ आहे आणि बाकीचे त्यापासून ढळले, असं गृहीत धरलं जातं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तिथे तो विचार बरोबर आहे. रीलला बहुधा असा कर्ताच नसतो. नुसतं ‘पाठ’ म्हणा : ‘कोलमनचा पाठ’, ‘ओनीलच्या पुस्तकातला पाठ’. तोंडपाठ, पाठांतर या शब्दांमुळे त्यात कानावरून शिकल्याचा वासही राहतो.

कोलमनचं नाव सहज घेतलं नाही. आयर्लंडमधल्या स्लायगोचे फिडलवादक मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या तबकड्या समुद्र ओलांडून परत आयर्लंडला आल्या, आणि कित्येकांनी आपल्या गावचा पाठ टाकून त्यांचा उचलला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून दोन-तीन रील सलग वाजवल्या जात. १९३४ मध्ये त्यांनी ‘टार्बोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ अशा जोडल्या. आजही पहिली सुरू केली की उरलेल्या दोन मागोमाग येणार हे बैठकीत सगळे धरूनच चालतात. तेव्हा ‘सेलर्स बॉनेट’चं जुनं ध्वनिमुद्रण हवं असेल तर ‘टार्बोल्टन’खालीही बघावं.

नावावरून शोधणं एकूणच बेभरवशाचं. एका धुनेला पाच नावं, एका नावाच्या तीन धुना, आणि कित्येकींपुढे संग्राहकाने नुसतं ‘गन अॅनिम’ म्हणजे ‘बिननावाची’ असं टाकलेलं. आयरिश धुनांचे संग्राहक ब्रेनडन ब्रानाख यांनी म्हणूनच नावांऐवजी धुनेच्या सुरुवातीचे ठळक स्वर आकड्यांत मांडून सूची केली. त्यांचा ‘क्योल रिंके ना हेरन’ (आयर्लंडचं नृत्यसंगीत) या मालेतला पहिला खंड १९६३ चा. सूचीला आपण ‘स्वरसूची’ म्हणू शकतो, वेगळा शब्द पाडायची गरज नाही.

तर तो तुकडा असा होईल : ‘एका पारंपरिक रीलची ध्वनिमुद्रणं, स्वरलेखनं आणि निरनिराळे पाठ.’ लिंगाचं म्हणाल तर रीळ नपुंसकलिंगी, ते तसंच राहू द्या. रील मात्र धुनेच्या ओढीने स्त्रीलिंगी करावी, ‘ती रील’. अनेकवचनात ‘रिली’ कानाला खटकतं, म्हणून मी रूप न बदलता ‘तीन रील’ असंच लिहितो.