सकाळी पापण्या सुजतात, तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : रोज उठल्यावर दोन्ही डोळ्यांखाली सूज असते. दहा-अकरापर्यंत आपोआप उतरते. खाज नाही, दुखत नाही. काकडी झाली, बटाटा झाला. कायमचा उपाय सांगा.
– गृहिणी, परभणी

उत्तर : ताई, ‘दहा-अकरापर्यंत उतरते’ ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट. पापणीची कातडी अंगभरात सर्वांत पातळ आणि तिच्याखालचा भाग सैल असतो. रात्रभर आडवं झोपलं की अंगातलं पाणी तिथं साचतं, उठून कामाला लागलं की ओसरतं. त्यामुळं खरा उपाय सकाळच्या काकडीत कमी आणि आदल्या रात्रीच्या ताटात जास्त आहे.

मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, म्हणून आधी घरातलं मीठ मोजा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. या हिशेबानं चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. तो महिन्यातच संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर मीठ पोटात जातंय, आणि विकतचं लोणचं, फरसाण, खारे शेंगदाणे त्यात धरलेलेच नाहीत. आपल्याकडं रात्री भाकरी, ठेचा आणि तोंडी लावायला तळलेला पापड किंवा कुरडई असते. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही मिठातलंच पाणी धरणारं सोडियम. हे पदार्थ बंद करू नका, दुपारच्या जेवणात घ्या. ठेच्यात मीठ निम्मं करून भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू वाढवा. पाणी मात्र कमी करायचं नाही. सूज पाण्याची म्हणून पाणीच तोडायचं, हा समज चुकीचा आहे आणि इथल्या उन्हाळ्यात तर धोक्याचा.

दुसरी गोष्ट झोपण्याची. दोन उश्या घेतल्या की नुसती मान वाकते, मग सकाळी मानही दुखते. खाट किंवा पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या, न डगमगतील अशा ठेवा. साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते. खाली झोपत असाल तर गोधडीच्या घड्या कमरेपासून डोक्याकडं चढत जातील अशा घाला. पालथं झोपत असाल तर ती सवय मोडा. हे सगळं दोन आठवडे नेमानं करून मगच ठरवा.

सकाळी लगेच कुठं जायचं असेल तर गार घडी. जुन्या धुवट सुती कापडाची घडी माठातल्या पाण्यात बुडवा, पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर दाब न देता ठेवा. दोन-तीन मिनिटांत ती कोमट होते, म्हणून पुन्हा बुडवत राहा. एकूण दहा मिनिटं पुरे. आडवं पडू नका, भिंतीला टेकून बसा. बर्फ थेट लावला तर ही पातळ कातडी भाजल्यासारखी लाल होते, तो कायम कापडात गुंडाळूनच. काकडी-बटाट्याचा गुण येतो तो त्यांच्या गारव्याचा. म्हणून फोडी बराच वेळ ठेवून उपयोग नाही, आणि रस डोळ्यात गेला तर जळजळ वेगळीच.

प्रश्न : सोयाबीनची काढणी आणि बांधावरचं गवत काढणं सुरू झालं की दोन्ही पापण्या सुजतात, खूप खाजतात. मेडिकलमधली मलम लावली की बरं वाटतं, थांबवली की परत तेच.
– शेतकरी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : दादा, खाज आहे म्हणजे ही ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. मळणीची धूळ हे एक कारण, पण बांधावर गाजर गवत असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. त्याचे बारीक कण वाऱ्यानं उडून उघड्या अंगावर बसतात. पापण्या, मान, कोपराची खोबण इथं कातडी लाल, मग कोरडी आणि जाड होते. या जागाही खाजत असतील तर संशय आणखी पक्का.

हे गवत फुलायच्या आधी, पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बाजूनं बंद असणारा चष्मा हवा. उघड्या हातानं उपटून त्याच हातानं घाम पुसला की दुसऱ्या दिवशी डोळे उघडत नाहीत. ज्याला आधीच त्रास आहे त्यानं शक्यतो हे काम दुसऱ्यावर सोपवावं. मळणीयंत्राजवळ वारा पाठीकडून येईल असे उभे राहा. घरी आल्यावर आधी हात, मग मिटलेले डोळे साध्या पाण्यानं धुवा. शेतातल्या गमछानं तोंड पुसू नका, कारण धूळ त्यातच असते. रात्री गार घडी ठेवा आणि चोळणं कटाक्षानं टाळा. चोळल्यानंच निम्मी सूज वाढते.

आता मलम. लावली की बरं आणि थांबवली की परत, हे बहुतेक मलमात स्टेरॉइड, म्हणजे सूज-खाज तेवढ्यापुरती दाबणारं औषध, असल्याचं लक्षण आहे. नळीवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का पाहा. पापणीवर महिनोन्महिने अशी मलम लावली तर कातडी विरळ होते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. ती नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. सेटिरिझिनसारख्या गोळीनं खाज कमी होते, पण झोप येते, म्हणून ती घेऊन ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवू नका.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. आठवड्यापासून सकाळी डोळे सुजतात, संध्याकाळी पाय सुजल्यासारखे दिसतात. लघवीला फेस येतो. गार पट्टी ठेवू का?
– आई, गेवराई, जि. बीड

उत्तर : ताई, पट्टीत वेळ घालवू नका, आजच दवाखान्यात न्या. या वयात अशी सूज मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून गेल्यामुळं येऊ शकते आणि बऱ्याचदा ती ॲलर्जी समजून दिवस जातात. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन प्रथिनांची तपासणी मागा; ग्रामीण रुग्णालयात ही साधी तपासणी होते. वेळेवर औषध सुरू झालं तर बहुतेक मुलांची सूज पूर्ण उतरते.

प्रश्न : वय ५८. डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, दिवसभर तशाच राहतात. कोणतं क्रीम लावू?
– निवृत्त शिक्षक, जालना

उत्तर : सर, सूज पाण्याची असती तर दिवसभरात कमी-जास्त झाली असती. तुमच्या वयात डोळ्यामागची चरबी, तिला अडवून धरणारा पडदा सैल झाल्यानं, पुढं येते. आरशासमोर मान सरळ ठेवून वर बघा; फुगवटा वाढला तर चरबीच समजा. क्रीमनं ती मागं जात नाही, शस्त्रक्रियेनं जाते, आणि ती केलीच पाहिजे असंही नाही. मात्र थकवा, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा होणं हेही असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : एकाच पापणीवर दुखरी गाठ आहे. आजी लसूण चोळ म्हणते.
– विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ही रांजणवाडी दिसते. लसूण लावू नकोस, कातडी भाजते. इथं गार नव्हे, गरम शेक हवा. मनगटावर सोसेल इतक्या गरम पाण्यातली घडी १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेव. फोडायची नाही, बरं होईपर्यंत काजळ नाही आणि ती काजळाची डबी पुन्हा वापरायची नाही. सूज पूर्ण डोळाभर पसरली, ताप आला, बुबुळ हलवताना दुखलं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडं जायचं, रात्र झाली असली तरी.