मुलीला वाक्यातला कर्ता ओळखता येत नाही, कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे आणि कर्ता विचारला की वाक्यातला पहिला शब्द सांगून मोकळी होते. यात तिचं फारसं चुकत नाहीये. सुरुवातीला सगळी वाक्यं 'राम आंबा खातो' छापाचीच दिली, तर मुलं तोच नियम काढणार.

मी ठाण्यात, नौपाड्यात, घरीच शिकवण्या घेते. 'कर्ता म्हणजे क्रिया करणारा' ही व्याख्या मी पहिल्या दिवशी सांगतच नाही. वाक्य शेपटाकडून वाचायला लावते, कारण मराठीत क्रियापद बहुतेक शेवटी असतं. मागे एकदा फळ्यावर लिहिलं, 'तलावपाळीवर संध्याकाळी आजोबा फिरतात.' (तलावपाळी म्हणजे आमच्या ठाण्यातला तलावाचा काठ.) एकीने लगेच सांगितलं, कर्ता तलावपाळी. म्हटलं, बघ हं, शेवटी काय आहे? फिरतात. मग फिरणारं कोण? दोन सेकंद गप्प, मग स्वतःच खुदकन हसली, "तलावपाळी कशी फिरेल!"

युक्ती एवढीच आहे. क्रियापदातला धातू घ्या, त्याला 'णारं' जोडा आणि 'कोण' किंवा 'काय' विचारा. 'णारा', 'णारी' नको, उत्तर आधीच फुटतं. मग तेच वाक्य उलटसुलट करा. 'मांजराने दूध प्यायलं', 'दूध मांजराने प्यायलं'. पिणारं कोण? दोन्हीकडे मांजरच. 'लवकर ये' सारखं वाक्यही द्या. येणारं कोण? तू. तो शब्द वाक्यात दिसत नाही, हे मुलांना जादूसारखं वाटतं.

'क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं' हे मात्र एवढ्यात सांगू नका. 'दादाने चिकू खाल्ला', 'दादाने करंजी खाल्ली', इथे दादा तोच, बदललं ते खाण्याच्या वस्तूमुळे. व्याकरणातले कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकेल तेव्हा बघू.

खरी गंमत 'मला पाणीपुरी आवडते' मध्ये आहे. मोठी माणसंही 'मी' म्हणतात. आवडणारं काय? पाणीपुरी. शाळेच्या व्याकरणात तोच कर्ता. 'मला भूक लागली', 'मला डोंगर दिसतो' ही त्याच जातीची. मुलगी इंग्रजी माध्यमात असेल तर इथे हमखास गोंधळेल, कारण 'आय लाइक पाणीपुरी' मध्ये सब्जेक्ट 'आय' असतो. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवा आणि सांगा की दोन भाषांची मांडणीच वेगळी आहे. आमच्याकडे या एका गोष्टीवर आख्खा तास जातो.

रोज वहीत दहा वाक्यं लिहून घेण्यापेक्षा स्वयंपाक करताना विचारा. कुकरने शिट्टी दिली, देणारं कोण?

आणि कधीतरी 'उजाडलं' येईल. उजाडणारं कोण? आमच्या एका चौथीतल्या मुलाने "सूर्य" सांगितलं, दुसरा म्हणाला "आकाश", आणि दोघांची जुंपली. इथे वेगळा कर्ता नसतो, अशा वाक्यांना भावकर्तरी म्हणतात. मी ते त्या दिवशी सांगितलं नाही. भांडण चांगलं रंगलं होतं.